जे ताटात नव्हते, त्यामुळे झालेले आजार

१७४० साली कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या हाताखाली ब्रिटिश आरमाराच्या सहा युद्धनौका पॅसिफिक महासागराकडे निघाल्या. त्यांतील ‘सेंच्युरियन’ या नौकेवर एक वृद्ध सैनिक होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, बॉइनच्या लढाईत, त्याला जखमा झाल्या होत्या. त्या लवकरच भरून आल्या आणि पुढे आयुष्यभर त्यांनी त्याला त्रास दिला नाही. या सफरीत मात्र स्कर्व्ही बळावत गेला, तसतशा त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू त्या कधी भरल्याच नव्हत्या. सफरीच्या वृत्तांतात याहूनही विलक्षण नोंद आहे: फार पूर्वी मोडलेले आणि पक्के जुळून आलेले हाडही जोडाच्या जागी पुन्हा सुटे झाले. ताफ्यातील सुमारे १९०० माणसांपैकी सुमारे १४०० जण या सफरीत मेले आणि शत्रूच्या हातून मेलेल्यांची संख्या त्यांत नगण्य होती. बहुतेकांचा बळी स्कर्व्हीने घेतला.

वैद्यकाच्या इतिहासातील चमत्कारिक कथा सांगताना सहसा भयंकर शस्त्रक्रिया, विषारी औषधे किंवा विचित्र उपचार यांचीच आठवण निघते. मला मात्र स्कर्व्ही, बेरीबेरी आणि पेलाग्रा या तीन आजारांची कथा त्या सर्वांपेक्षा अधिक अचंबित करणारी वाटते. या आजारांना कारणीभूत ठरणारी वस्तू शरीरात शिरतच नाही. एखादी वस्तू शरीरात यायची राहून जाते, म्हणून माणूस मरतो. आज जीवनसत्त्वांची नावे शाळेतच पाठ होत असल्यामुळे ही कल्पना आपल्याला साधी वाटते. पण ‘नसणे’ हे आजाराचे कारण असू शकते, हे मान्य व्हायला शेकडो वर्षे आणि लाखो माणसे खर्ची पडली. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी की, उपाय हाती आल्यानंतरही तो पुन्हा हरवला.

आधी त्या जखमेचे रहस्य पाहू. भरलेल्या जखमेचा व्रण हा भिंतीच्या भेगेत भरलेल्या चुन्यासारखा एकदाच घालून संपणारा पदार्थ नसतो. तो मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा बनलेला असतो आणि शरीर हे तंतू सतत मोडत आणि नव्याने बांधत असते. तीन पदर पिळून केलेल्या दोरीसारखी कोलॅजेनची रचना असते. हा पीळ टिकण्यासाठी त्यातील काही घटकांवर एक छोटी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते आणि ती करणारी विकरे ‘क’ जीवनसत्त्वावाचून काम करू शकत नाहीत. जीवनसत्त्व संपले की नवी दोरी पिळली जात नाही, जुनी मात्र नेहमीप्रमाणे उसवत राहते. मग हिरड्या सुजून दात हलू लागतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती फाटून त्वचेखाली रक्त साकळते आणि अर्ध्या शतकापूर्वीचा व्रणही उलगडतो. त्या वृद्ध सैनिकाची जखम पन्नास वर्षे ‘बरी झालेली’ होती याचा अर्थ एवढाच, की त्याचे शरीर पन्नास वर्षे ती रोज नव्याने शिवत होते.

बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. त्यासाठी लागणाऱ्या अखेरच्या विकराचे जनुक आपल्यातही आहे. मात्र माकडे आणि मानव यांच्या दूरच्या पूर्वजांमध्ये ते निकामी झाले. फळे आणि पाला खाणाऱ्या त्या पूर्वजांचे त्यावाचून काही अडले नसावे. परिणामी माणसाला हे द्रव्य अन्नातूनच मिळवावे लागते. ते मिळणे थांबले, तर शरीरातील साठा साधारण एक ते तीन महिने पुरतो. किनाऱ्या-किनाऱ्याने होणारे जुने प्रवास या मुदतीच्या आत संपत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजे महिनोन्‌महिने जमीन न पाहता जाऊ लागली आणि वाळकी बिस्किटे, खारवलेले मांस व सुके वाटाणे यांवर जगणाऱ्या खलाशांमध्ये हा आजार अवतरला. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत, भारतातून परतताना अरबी समुद्र ओलांडायला सुमारे तीन महिने लागले आणि तेवढ्या अवधीत तीसेक माणसे दगावली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोहोचल्यावर आजारी खलाशांना हवी होती ती संत्री.

याचा अर्थ उपायाची कुणकुण अगदी आरंभापासून होती. १५९३ मध्ये रिचर्ड हॉकिन्स या इंग्रज कप्तानाने आंबट संत्री आणि लिंबे यांच्या गुणाची वाखाणणी केली. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा घेऊन निघालेल्या जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावर लिंबाच्या रसाच्या बाटल्या ठेवल्या आणि तो संपेपर्यंत रोज सकाळी प्रत्येकाला तीन चमचे रस देण्याचा शिरस्ता पाळला. ताफ्यातील उरलेल्या तीन जहाजांवर माणसे इतकी खंगली की शिडे हाताळायला लँकेस्टरच्या खलाशांना तिकडे जावे लागले. पुराव्यासाठी याहून अधिक काय हवे, असे आज वाटते. तरीही दीडशे वर्षांनंतर अ‍ॅन्सनची माणसे मरतच होती.

असे का झाले हे समजण्यासाठी त्या काळच्या वैद्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे लागते. त्याच्या दृष्टीने शरीरातील द्रवांचा समतोल बिघडणे हेच सर्व रोगांचे मूळ होते आणि जहाजावर तो बिघडवणाऱ्या गोष्टींची वाण नव्हती: ओलसर हवा, कोंदट जागा, खारट अन्न, अतिश्रम, घरची ओढ. लिंबू उपयोगी पडते, कारण ते आंबट असते, असा समज होता. मग त्याच न्यायाने व्हिनेगर चालावे, सौम्य केलेले गंधकाम्लही चालावे. शिवाय ही दोन्ही स्वस्त असून टिकाऊही आहेत. तर्कात खोट नव्हती. गृहीतक मात्र चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे निव्वळ विचार करून कळणे शक्य नव्हते.

ते पडताळून पाहिले जेम्स लिंड या आरमारी शल्यविशारदाने. २० मे १७४७ रोजी ‘सॉल्सबरी’ या नौकेवर त्याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. त्यांची अवस्था शक्य तितकी सारखी होती. त्यांना एकाच जागी ठेवले, एकसारखे अन्न दिले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाचे आंबवलेले पेय, दुसरीला सौम्य गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण, मोहरी वगैरे वाटून केलेली जायफळाएवढी गोळी. सहा दिवसांत फळांचा साठा संपला. पण तोवर फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका सावरला होता आणि दुसऱ्याला उरलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेला लावता आले. गंधकाम्ल आणि व्हिनेगर घेणाऱ्यांना काहीच गुण आला नाही. म्हणजे आंबटपणा हे कारण नव्हते.

वैद्यकातील पहिली नियंत्रित चाचणी म्हणून हा प्रयोग प्रसिद्ध आहे आणि तो मान त्याला मिळायलाच हवा. पण येथेच स्कर्व्हीचा प्रश्न सुटला, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. स्वतः लिंडलाही तसे वाटले नव्हते. १७५३ मध्ये त्याने स्कर्व्हीवर चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात या प्रयोगाला जेमतेम काही पाने दिली. थंड, दमट हवेमुळे घामाची छिद्रे बुजतात, शरीरातील दूषित द्रव्ये आतच राहतात आणि त्यातून स्कर्व्ही होतो, असे त्याचे मत अखेरपर्यंत राहिले. फळे ही छिद्रे मोकळी करतात, म्हणून ती उपयोगी, असा त्याने अर्थ लावला. शिवाय ताजी फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून दाट अर्क करण्याची रीत त्याने सुचवली. उष्णता आणि हवा यांनी ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. ज्या गुणाचा त्याने शोध लावला होता, तोच गुण त्याच्या सूचनेप्रमाणे केलेल्या अर्कातून बव्हंशी उडून जात होता.

कॅप्टन जेम्स कुकच्या सफरींमुळे गोंधळ आणखी वाढला. कुकने जहाजे स्वच्छ ठेवली, दिसेल त्या किनाऱ्यावर ताजा पाला गोळा करवला, आंबवलेला कोबी खाऊ घातला आणि स्कर्व्ही आटोक्यात ठेवला. परंतु एकाच वेळी इतके उपाय केल्यावर गुण कोणाचा, हे सांगता येत नाही. कुकने शिफारस केली ती मोड आलेल्या जवाच्या काढ्याची. तो काढा स्वस्त होता, वाहून न्यायला सोपा होता आणि स्कर्व्हीवर निरुपयोगी होता. अखेर गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरांच्या आग्रहावरून १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला आणि काही वर्षांतच आरमारातून स्कर्व्ही जवळजवळ नाहीसा झाला. लिंडचे निधन त्याच्या आदल्याच वर्षी झाले होते.

कथा येथे संपायला हवी होती. ती संपली नाही, आणि माझ्या मते तिचा सर्वांत शिकण्याजोगा भाग यापुढचाच आहे. आरमार वापरत असलेला रस भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रिटिशांनी आपल्याच ताब्यातील वेस्ट इंडीज बेटांवरची लहान हिरवी लिंबे, म्हणजे आपल्या कागदी लिंबांच्या जातीची, घ्यायला सुरुवात केली. इंग्रजीत त्या काळी दोन्ही रसांना सरसकट एकच नाव दिले जाई, त्यामुळे हा बदल कोणाला मोठा वाटला नाही. हिरवे लिंबू चवीला अधिक आंबट, म्हणजे औषध म्हणून सरसच असणार, असा हिशेब होता; लिंडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खोटी ठरवलेली आंबटपणाची कल्पना अशी मागच्या दाराने परत आली. प्रत्यक्षात या रसाची स्कर्व्हीवरील ताकद पिवळ्या लिंबाच्या सुमारे एक-चतुर्थांश होती. त्यात तो रस तांब्याच्या नळ्यांतून जाई, हवेवर साठवला जाई आणि उरलीसुरली ताकदही गमावून बसे.

तरीही कित्येक वर्षे ही चूक कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण तोवर वाफेची जहाजे आली होती. प्रवास इतके कमी दिवसांचे झाले की शरीरातला साठा संपायच्या आत बंदर येई. निकामी झालेला उपाय काम करत असल्यासारखा दिसत राहिला. खरी परीक्षा झाली ती ध्रुवीय मोहिमांत. १८७५-७६ मध्ये जॉर्ज नेअर्स यांची आर्क्टिक मोहीम लिंबूरस बरोबर घेऊन गेली आणि तिच्यातील सुमारे निम्म्या माणसांना स्कर्व्ही झाला. लोकांचा विश्वास उडाला. लिंबूरस हा जुन्या काळचा भाबडा उपाय असावा, असे सुशिक्षित डॉक्टरांना वाटू लागले.

जंतूंमुळे रोग होतात हे याच काळात सिद्ध होत होते आणि वैद्यकाची दृष्टी पार बदलली होती. प्रत्येक आजारामागे एखादा जंतू किंवा विष शोधण्याची सवय लागली. डबाबंद मांस किंचित नासल्याने त्यात विष तयार होते आणि त्यातून स्कर्व्ही होतो, हे मत प्रतिष्ठित झाले. रॉबर्ट स्कॉट यांच्या १९०१ ते १९०४ च्या अंटार्क्टिक मोहिमेत प्रत्येक डबा उघडल्यावर मांस तपासून घेतले जाई, तरीही स्कर्व्ही उद्भवला. मग माणसांना सीलचे ताजे मांस दिले गेले आणि आजार हटला. ताज्या मांसात, विशेषतः ते फार शिजवले नसेल तर, ‘क’ जीवनसत्त्व थोड्या प्रमाणात असते. पण मोहिमेतील मंडळींनी निष्कर्ष काढला तो उलटा: नासके मांस बंद झाले, म्हणून माणसे बरी झाली. एकच घटना ‘वाईट गोष्ट थांबली’ अशीही वाचता येते आणि ‘चांगली गोष्ट मिळाली’ अशीही. मनाने एकदा गुन्हेगार शोधायचा ठरवला की पहिलेच वाचन खरे वाटते.

कोंडी फुटली ती एका योगायोगाने. १९०७ मध्ये नॉर्वेतील क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथे आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश हे दोघे बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्याच्या खाद्यावर ठेवले. गिनीपिगांना बेरीबेरी झाला नाही, झाला तो स्कर्व्ही. आणि ताजा कोबी किंवा लिंबू देताच तो बरा झाला. ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवू न शकणारे प्राणी मोजके आहेत, गिनीपिग हा त्यांतला एक. त्यांनी उंदीर निवडले असते, तर काहीच दिसले नसते, कारण उंदराचे यकृत ते रोज तयार करते. आता उपायांची ताकद पिंजऱ्यात मोजता येऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही लिंबांची तुलना केली, तेव्हा हिरव्या लिंबाने केलेला घात पहिल्यांदा आकड्यांत दिसला. १९२८ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी ते द्रव्य वेगळे काढले. पण ते स्कर्व्हीवरचे द्रव्य आहे हे नक्की व्हायला १९३२ उजाडले.

होल्स्ट आणि फ्रोलिश ज्याचा माग काढत होते, त्या बेरीबेरीकडे आता वळू. पाय बधिर होऊन लुळे पडणे, अंगावर सूज येणे आणि शेवटी हृदय बंद पडणे असा हा आजार आशियात जुना होता; पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्ये, जहाजे आणि तुरुंग येथे त्याचा भडका उडाला. यंत्राच्या गिरण्यांनी तांदळाला पांढराशुभ्र करण्याचे काम स्वस्त केले होते. हातसडीच्या तांदळावर राहणारा कोंड्याचा पापुद्रा या गिरण्यांत पूर्ण निघून जाई. थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, त्या पापुद्र्यात असते. पिष्टमय अन्नापासून ऊर्जा काढताना शरीराला थायमिन लागतेच. मज्जातंतू आणि हृदय यांची ऊर्जेची भूक मोठी, म्हणून आधी तेच कोलमडतात.

जपानच्या आरमारातील डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनमध्ये शिकून आले होते. अधिकाऱ्यांपेक्षा साध्या खलाशांना बेरीबेरी अधिक होतो आणि खलाशांचे जेवण म्हणजे जवळजवळ निव्वळ पांढरा भात, हे त्यांच्या लक्षात आले. ‘र्‍युजो’ ही प्रशिक्षण-नौका लांबच्या सफरीवरून १८८३ मध्ये परतली, तेव्हा तिच्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला होता आणि २५ जण मेले होते. ताकाकींनी खटपट करून पुढच्या वर्षी ‘त्सुकुबा’ ही नौका जवळपास त्याच मार्गाने पाठवली, पण शिध्यात मांस, दूध आणि पाव यांची भर घातली. या खेपेस बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही. पुढे भातात सातू मिसळण्याची पद्धत आरमारात रूढ झाली आणि काही वर्षांत तेथील बेरीबेरी जवळजवळ संपला.

जपानच्या भूदलाने मात्र हे स्वीकारले नाही. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांत पुढे थोर कादंबरीकार म्हणूनही नावाजलेले मोरी ओगाई होते. त्यांनी जर्मनीत, थेट रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत, जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि बेरीबेरी हा संसर्गजन्य असावा, असे त्यांच्या वर्तुळाचे मत होते. त्यांना हेकट म्हणून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. अन्नात प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त असल्याने आजार होतो, असे ताकाकींचे स्पष्टीकरण होते. ते चुकीचेच होते आणि त्यावर घेतलेले आक्षेप शास्त्राला धरून होते. घोडचूक झाली ती पुढच्या पायरीवर: स्पष्टीकरण पटत नाही, म्हणून डोळ्यांसमोरचा परिणामही नाकारला गेला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानी भूदलातील सुमारे अडीच लाख सैनिकांना बेरीबेरी झाला आणि सुमारे २७ हजार त्यात मेले.

कॉख यांच्याच प्रयोगशाळेत काही काळ काम केलेले डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमान जावा बेटावरील बाटाविया येथे बेरीबेरीचा जंतू शोधत होते. १८८९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय बेरीबेरीसारखेच लुळे पडू लागले. आजारी माणसांच्या अंगातले काही द्रव्य टोचलेल्या आणि न टोचलेल्या अशा दोन्ही कोंबड्या लंगडत होत्या. जंतूचा माग लागतो न लागतो तोच त्या सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती उलगडले ते असे: मधले काही महिने प्रयोगशाळेचा नोकर लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातून उरलेला शिजवलेला पांढरा भात आणून कोंबड्यांना घालत होता. मग तेथे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देता येणार नाही, असे त्याने ठरवले आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासह असलेल्या तांदळावर आल्या. त्या आचाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण एका शिस्तप्रिय माणसाच्या नकाराने वैद्यकाला इतका मोठा दुवा क्वचितच मिळाला असेल.

कोंबड्यांचे माणसांना लागू पडते का, हे पाहण्यासाठी जावातील वैद्यकीय निरीक्षक आडोल्फ वॉर्डरमान यांनी १०१ तुरुंगांतील पावणेतीन लाखांहून अधिक कैद्यांची माहिती गोळा केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत दर ३९ मागे एकाला बेरीबेरी झाला होता; कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक इतके अल्प होते. इतका निर्विवाद आकडा समोर असूनही आइकमान यांना ‘अभाव’ दिसला नाही. तांदळाच्या पिष्टात एखादे विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, असे त्यांनी मांडले. आजाराला गुन्हेगार हवाच, ही पकड एवढी घट्ट होती. आइकमान मायदेशी परतल्यावर त्यांच्या जागी आलेल्या खेरिट ख्रेन्स यांनी १९०१ मध्ये स्पष्ट लिहिले, की विष आणि उतारा असे काही नाही. मज्जातंतूंना लागणारे काहीतरी द्रव्य अन्नात नाही, एवढेच. ‘नसणे’ हे रोगाचे कारण म्हणून इतक्या नेमकेपणाने तोवर क्वचितच मांडले गेले होते. १९२९ चे नोबेल पारितोषिक मात्र आइकमान आणि इंग्लंडचे फ्रेडरिक हॉपकिन्स यांना मिळाले, ख्रेन्स यांना नाही.

तिसरा आजार पेलाग्रा. अठराव्या शतकात स्पेनमध्ये आणि इटलीत गरीब शेतकऱ्यांमध्ये तो प्रथम नोंदला गेला. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट खरखरीत चट्टे येतात, जुलाब होतात, मग बुद्धिभ्रंश होतो आणि अखेर मृत्यू. तो जेथे होई तेथे लोकांचे मुख्य अन्न मका असे. मक्याचे मूळ अमेरिका खंडात, पण तेथील जुन्या संस्कृतींत हा आजार नव्हता, कारण तेथे मका चुन्याच्या निवळीत शिजवून मगच दळत. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा घट्ट बंधात असते की शरीराला ते सोडवून घेता येत नाही. चुना तो बंध तोडतो. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा पसरला. तेथेही एका आयोगाने तो संसर्गजन्य असल्याचा निर्वाळा दिला होता. १९१४ मध्ये सरकारी आरोग्य सेवेने हे काम जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवले. साथींचा अभ्यास करताना त्यांना स्वतःला पीतज्वर, डेंगी आणि टायफस हे तिन्ही होऊन गेले होते. संसर्ग कसा वागतो हे त्यांना अंगावर भोगून माहीत होते. अनाथालये आणि मनोरुग्णालये पाहताना त्यांना एक विसंगती टोचली: पेलाग्रा तेथे राहणाऱ्यांना होतो, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना कधीच होत नाही. जंतू असा भेदभाव करत नाही. ताट करते. त्यांनी दोन अनाथालयांतील मुलांच्या जेवणात दूध, अंडी आणि मांस वाढवले, आणि आजार हटला. मग मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर अकरा कैद्यांना, शिक्षामाफीच्या बदल्यात आणि त्यांच्या संमतीने, मका, पांढरा तांदूळ, काकवी अशा आहारावर काही महिने ठेवले. सहा जणांना पेलाग्रा झाला. माफीचे आमिष दाखवून घेतलेली ती संमती आज कोणतीही नीतिसमिती ग्राह्य धरणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

विरोधक तरीही जंतूचेच नाव घेत राहिले. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी जे केले त्याला वैद्यकाच्या इतिहासात तोड नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, रुग्णांच्या नाकाघशातील स्राव आपल्या नाकाघशात लावला, आणि त्यांच्या त्वचेचे पापुद्रे, मूत्र व विष्ठा पिठात मळून केलेल्या गोळ्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रुग्णाचे रक्त टोचून घेतले. स्वयंसेवक सोळा होते. पेलाग्रा एकालाही झाला नाही.

यानंतर एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी साउथ कॅरोलायनातील कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर पाहणी केली. उत्पन्न जितके कमी तितका पेलाग्रा जास्त, असे तीत दिसून आले. दक्षिणेतील पुढाऱ्यांना हे जिव्हारी लागले. जंतू सापडला असता, तर तो कोणाचाच दोष ठरला नसता. पेलाग्रा रोखणारे ते द्रव्य कोणते, हे मात्र गोल्डबर्गर यांना शोधता आले नाही. यीस्ट दिल्याने रुग्ण बरे होतात इथपर्यंत ते पोहोचले आणि १९२९ मध्ये कर्करोगाने वारले. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहयेम यांनी पेलाग्रासारखाच आजार झालेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल दिले आणि ती बरी झाली. लवकरच माणसांवरही तोच गुण दिसला. तंबाखूशी गल्लत होऊ नये म्हणून या आम्लाला पुढे नायसिन हे नाव मिळाले.

हे द्रव्य मुळीच नवे नव्हते. रसायनशास्त्रज्ञांना ते एकोणिसाव्या शतकापासून परिचित होते. इतकेच नव्हे, तर ‘व्हिटॅमिन’ या शब्दाचे जनक काझिमिर फुंक बेरीबेरीवरचे औषध हुडकत असताना, गोल्डबर्गर पेलाग्राच्या कामाला लागण्यापूर्वीच, तांदळाच्या कोंड्यातून त्यांच्या हाती निकोटिनिक आम्ल आले होते. बेरीबेरी झालेल्या कबुतरांना त्याने गुण येत नाही असे दिसले, म्हणून ते त्यांनी बाजूला ठेवून दिले.